चालू रुंदीच्या शंभर टक्के

"माणूस उभा असतो तोवर कुठलीही वाट पुरते, पोरी. आडवा न्यायची वेळ आली की कळतं, वाट केवढी होती ते."

मोजणीकाकांनी हे वाक्य उच्चारलं तेव्हा माझ्या कडेवर पाच महिन्यांचं बाळ होतं आणि समोर आमच्या दाराबाहेरच्या भिंतीत ड्रिल घालून उभा असलेला सुतार होता. मी काकांना म्हणाले, "बाळासमोर असलं अभद्र बोलू नका हो," आणि सुताराला म्हणाले, "थोडं वर घ्या."

चपलांचं कपाट लागत होतं. भिंतीला चिकटून बसणारं, नाजूक, फक्त सहा इंच खोल. चपला घरात आणल्या तर त्यांच्यासोबत जंतू येतात, आणि जंतू आले तर बाळाचं काय, असा माझा बिनतोड युक्तिवाद होता. मी मुळातच काळजी घेणारी आहे. घरातल्या सगळ्या सॉकेटांना झाकणं आहेत, टेबलाच्या कोपऱ्यांना रबर आहे. ताप मोजायला तीन थर्मामीटर आहेत: एक मोजायला, दुसरा पहिल्यावर लक्ष ठेवायला आणि तिसरा बहुमतासाठी. दारावर पाटी आहे: 'बाळ झोपलं आहे. बेल वाजवू नये. मोठ्याने बोलू नये.' थोडक्यात, धोका कुठून येईल हे मला नेहमी आधी दिसतं.

मोजणीकाका जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. शर्टाच्या खिशात इतर लोक पेन ठेवतात तिथे ते मोजपट्टी ठेवत. काकू गेल्यापासून आमच्या तिसऱ्या मजल्याच्या टोकाच्या घरात एकटेच राहत होते. मजल्यावर दारं चार. जिन्याला लागून पहिलं आमचं, मग बँकवाल्या ताईंचं, मग औषधविक्याचं आणि टोकाला काकांचं. म्हणजे चौघांनाही पॅसेज सारखाच होता, पण तो ओलांडावा लागायचा तो काकांना. मला तर घराबाहेर पाऊल टाकलं की जिनाच.

काकांनी मोजपट्टी लावली. "साठ इंच होता. आता चोपन्न."

"सहाच इंच तर गेले, काका."

"जाताना सहा-सहानेच जातात, पोरी," ते म्हणाले आणि बाळाच्या नाकाला मोजपट्टीचं टोक लावून "अर्धा इंच" असं जाहीर करून निघून गेले. बाळ खिदळलं. मीही विषय संपला असं समजले.

विषय संपला नाही, कारण तो समितीपुढे गेला. बँकवाल्या ताईंनी रास्त सवाल केला की, पहिल्या दाराला सहा इंच, मग दुसऱ्या दाराने काय घोडं मारलंय? आमचे सेक्रेटरी अत्यंत लोकाभिमुख गृहस्थ आहेत. त्यांनी कारकिर्दीत एकही अर्ज नाकारलेला नाही आणि एकही काम केलेलं नाही. त्यांनी सर्वांना न्याय देणारा नियम मांडला: पॅसेजमध्ये वस्तू ठेवण्यास एका अर्जाला चालू रुंदीच्या एक दशांशापर्यंत परवानगी मिळेल, आणि समानतेच्या तत्त्वावर तीच सवलत मजल्यावरच्या सर्व दारांना लागू राहील. जमिनीवर दोन्ही भिंतींच्या बाजूने पिवळी रेघ मारली जाईल, रेघेच्या आत ज्याचं त्याने बघावं. नवा अर्ज मंजूर झाला की रेघ पुढे सरकेल.

"अशाने पॅसेज संपेल की हो," काका म्हणाले.

सेक्रेटरींना या प्रश्नाचीच वाट होती. "संपणार नाही! दर वेळी चालू रुंदीच्या फक्त एक दशांश. म्हणजे कितीही अर्ज आले तरी नऊ दशांश उरणारच. शंभर वर्षं अर्ज करा, पॅसेज शून्य होत नाही. हे गणित आहे, काका."

सभेने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, बाळाच्या दोन्ही हातांनी.

"संपणार नाही हे कबूल," काका म्हणाले. "पण त्यात मावणार कोण?"

"मावणे हा विषय आजच्या विषयपत्रिकेवर नाही," सेक्रेटरी म्हणाले, आणि चहा आला.

त्यानंतर रेघ चालायला लागली. आमचं बाळ रांगायला शिकत होतं त्याच दिवसांत. बाळाचा वेग कमी होता. बँकवाल्या ताईंनी कुंड्यांचा कठडा लावला. औषधविक्याने रिकाम्या खोक्यांसाठी मांडणी ठोकली. आमच्या कपाटाला खाली एक खण आला, खणापुढे छत्र्यांचं पिंप आणि पिंपापुढे बाळाची गाडी. आम्हीही माणसंच आहोत, सगळे घेतात तर आपणच का मागे राहायचं? समितीही मागे राहिली नाही. तिने अर्जांच्या फायलींसाठी समोरच्या भिंतीला लोखंडी कपाट लावलं, कपाटाशेजारी तक्रारपेटी लावली, आणि आग लागल्यास रहिवाशांना धावत बाहेर पडता यावं म्हणून पॅसेजच्या दुतर्फा आग विझवण्याची लाल नळकांडी उभी केली. प्रत्येक वेळी काका मोजपट्टी लावत. त्रेचाळीस. एकोणचाळीस. पस्तीस. आकडा सांगताना माझ्याकडे बघत, पण बोलत नसत. बोलायचं ते त्यांनी एकदा बोलून ठेवलं होतं.

सहाव्या अर्जानंतर त्यांनी तक्रारपेटीत चिठ्ठी टाकली. चिठ्ठीत तीनच शब्द होते: 'पॅसेज अरुंद झाला.'

आता पेटीत तक्रार पडली म्हटल्यावर समितीला दखल घेणं भाग होतं. सेक्रेटरी आमच्याकडे आले आणि पाटी वाचून कुजबुजत म्हणाले, "वहिनी, तुम्ही भाषेच्या एम.ए. ना? मग अरुंद म्हणजे नेमकं काय ते ठरवायला उपसमिती नेमतोय. अध्यक्ष तुम्ही."

इथे मला थोडं स्वतःबद्दल सांगितलं पाहिजे. बाळ झाल्यापासूनच्या आठ महिन्यांत मला दूध, लंगोट आणि ढेकर यांखेरीज कुठल्याही विषयावर कुणी मत विचारलं नव्हतं. नवऱ्याने शेवटचा प्रश्न विचारला होता तो "ते पुसायचं फडकं कुठंय?" हा. त्यामुळे मी विरघळले. माळ्यावरचे शब्दकोश काढले. बाळाला एका मांडीवर आणि कोश दुसऱ्या मांडीवर घेऊन चार दिवस अहवाल लिहिला, आणि खोटं कशाला बोलू, छान लिहिला. रस्ता अरुंद होतो. नदीचं पात्र आकसतं. बाटली गळ्याशी निमुळती होत जाते. बोळ चिंचोळा असतो, आणि तिथे राहणाऱ्याला त्याचं काही वाटेनासं होतं. कापड धुतल्यावर आटतं. माणसाचं मन संकुचित होतं तेव्हा आवाजही होत नाही. अशी सगळी उदाहरणं देऊन मी शेवटी लिहिलं की, पूर्वी जे सहज जात होतं ते आता जात नसेल, तर वाट अरुंद झाली असं समजावं.

सेक्रेटरींनी अहवाल वाचला. डोळ्यांत कौतुक होतं. "वा! फक्त थोडी काटछाट करू या हं. हे नदीचं काढा. तिसऱ्या मजल्यावर नदी नाही."

काढलं.

"बाटलीही काढा. मद्यपानाचा उल्लेख वाटतो. बोळ काढा, कमीपणा येतो. कापड वैयक्तिक मालमत्ता आहे. आणि मन काढा, वहिनी. मनाची देखभाल समितीकडे येत नाही."

"मग रस्ता तेवढा उरतो."

"रस्ता नगरपालिकेचा. आपला पॅसेज आहे."

"पण मग अरुंद व्हायला काहीच उरलं नाही!"

"बघा!" सेक्रेटरी म्हणाले. "तुम्ही किती चटकन निष्कर्षाला आलात."

अशा रीतीने 'अरुंद' हा शब्द आमच्या इमारतीत वापरात नसल्याचं माझ्या सहीने जाहीर झालं. त्याऐवजी 'आटोपशीर' हा शब्द सुचवला तो मीच. त्याबद्दल माझं अभिनंदन झालं आणि बाळाच्या गाडीला कायमस्वरूपी जागा मंजूर झाली.

काकांची चिठ्ठी 'अपरिचित शब्द' असा शेरा मारून परत गेली. त्यांनी दुसरी लिहिली: 'पॅसेजची रुंदी कमी झाली.' हिला उत्तर आलं, छापील कागदावर. मला ते तोंडपाठ आहे, कारण मसुदा तपासायला माझ्याकडेच आला होता. 'रुंदीतील घट ही चालू रुंदीच्या तुलनेत मोजण्याची पद्धत आहे. आज मोजणी केली असता चालू रुंदी ही चालू रुंदीच्या शंभर टक्के भरली. सबब घट शून्य.' मी त्यात 'भरली'चं 'आढळून आली' केलं, एवढंच.

तरीही शंकेला जागा नको म्हणून समितीने प्रत्यक्ष चाचणी ठेवली. दुसऱ्या मजल्यावर एक नृत्यशिक्षिका राहते. वेताच्या छडीसारखी बारीक, कमरेत कुठेही वाकणारी. तिला 'मानक रहिवासी' नेमलं. दर नव्या रेघेनंतर ती पॅसेजच्या या टोकाकडून त्या टोकाला जाऊन यायची. ती गेली की पॅसेज उत्तीर्ण. सुरुवातीला ती सरळ चालत गेली. नंतर तिरकी गेली. तेव्हा नियमातला 'सरळ' हा शब्द वगळला. मग श्वास रोखून गेली. तेव्हा रहिवाशांनी श्वास घराच्या आत घ्यावा अशी सूचना लागली.

"अहो, मी जाड आहे, ती बारीक आहे," काका दारातून म्हणाले. त्यांच्या शर्टाची दोन बटणं एव्हाना लोखंडी कपाटाने घेतली होती आणि सुजलेला गुडघा खोक्यांच्या मांडणीला रोज सलाम करत होता.

"मानक तुम्हाला लागू होत नाही, काका. तुम्ही मानकाला लागू व्हायचं," सेक्रेटरी म्हणाले.

मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, काका हल्ली दिसत नाहीत फारसे."

"या वयात कशाला हवंय हिंडायला?" तो म्हणाला. त्याचं पोट पाहता तो बँकवाल्या ताईंच्या दारापर्यंतसुद्धा पोचला नसता. पण त्याला तिकडे काही काम नव्हतं. मलाही नव्हतं.

बाराव्या अर्जानंतर रेघा एकमेकींपासून सतरा इंचांवर आल्या. तो महिना समितीच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहावा असा होता, कारण तक्रारपेटी रिकामी निघाली. एकही चिठ्ठी नाही. 'तक्रार निवारण: शंभर टक्के' असा फलक आमच्या मजल्याला मिळाला. तो लावायला जागा नव्हती म्हणून जिन्यात लावला.

तो फलक लागला त्या रविवारपासून टकटक सुरू झाली.

टक, टक. थांबून पुन्हा टक. टोकाकडून यायची. फार मोठी नाही, पण बाळाला दुपारी झोपवताना नेमकी कानात शिरणारी. पाइपात हवा भरली असेल, नाहीतर काकांनी काहीतरी ठोकायला घेतलं असेल. मी संयमी बाई आहे. रविवार सहन केला. सोमवारी सहन केलं. मंगळवारी सकाळी मात्र मीच चिठ्ठी लिहिली: 'टोकाच्या घरातून सतत ठोकल्याचा आवाज येतो. बाळाची झोपमोड होते. कृपया संबंधितांना समज द्यावी.' रिकाम्या पेटीत ती पडल्याचा छान आवाज झाला.

मंगळवारी दुपारी टकटक थांबली.

बाळ सलग दोन तास झोपलं. माझ्या आयुष्यात एवढ्या वेगाने कुठल्या यंत्रणेने काम केलं नव्हतं. मी सेक्रेटरींना मेसेज पाठवला: 'तत्काळ कारवाईबद्दल मनापासून आभार.'

त्यांचं उत्तर आलं: 'कशाबद्दल? पेटी शनिवारी उघडतात.'

मी ते दोनदा वाचलं. मग बाळाला पाळण्यात ठेवून, दार उघडं टाकून धावले. धावले म्हणजे तीन पावलं. बँकवाल्या ताईंच्या कुंड्यांपाशी खांदा अडकला. तिरकी झाले. मी मानक रहिवासी नाही, मला दहा महिन्यांपूर्वी बाळ झालंय. लोखंडी कपाट आणि खोक्यांची मांडणी यांच्यात मी अशी रुतून बसले की पुढे जाता येईना. काकांचं दार समोर दिसत होतं. मी सगळा जीव एकवटून ओरडले, "काका!"

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. कोरडा, पार खालून, जमिनीलगत.

"हळू बोल, पोरी. बाळ उठेल."

न्हाणीघरात पडले होते. खुबा मोडला होता. फोन दिवाणखान्यात. रविवारपासून जमिनीवर पडून होते, आणि दोन दिवस मोजपट्टीच्या डबीने फरशीवर टकटक करत होते. जोरात नाही. दारावर पाटी होती ना माझ्या.

मी कशीबशी मागे सुटून फोन केला. रुग्णवाहिकेची दोन माणसं स्ट्रेचर घेऊन वर आली आणि आमच्या दाराशी थबकली.

"पेशंट कुठाय, ताई?"

"पॅसेजच्या टोकाला."

"पॅसेज कुठाय?"

"हा काय."

"हा?" त्याने आत डोकावून पाहिलं. "मला वाटलं कपाट उघडं राहिलंय." मग स्ट्रेचरला हात लावून म्हणाला, "हे बावीस इंच आहे. चालवता येईल का त्यांना?"

"खुबा मोडलाय!"

"मग आडवंच न्यावं लागणार," तो म्हणाला.

सेक्रेटरी फाइल घेऊन पोचले. मी म्हटलं, "आधी हे सगळं बाहेर काढा!"

"काढू ना, वहिनी. पण या मंजूर वस्तू आहेत. पॅसेज अरुंद असल्याचा निर्णय झाल्याखेरीज हलवता येत नाहीत."

"अहो, आहे ना अरुंद! दिसत नाही का तुम्हाला?"

त्यांनी फाइल उघडून पान माझ्यापुढे धरलं. आवाज खरोखर दुःखी होता. "तो शब्द आपल्याकडे वापरात नाही. अहवाल तुमचा आहे, वहिनी. खाली सहीसुद्धा तुमचीच."

मी स्वयंपाकघरातली सुरी आणली आणि चपलांच्या कपाटाचे स्क्रू काढायला लागले. सुताराने काम चोख केलं होतं. एक स्क्रू निघायला पाच मिनिटं लागली. त्यात कपाटाचे सहा, मग खण, मग पिंप, मग गाडी. आणि हे सगळं निघालं असतं तरी मोकळं काय झालं असतं? जिन्यालगतची तीन पावलं. पुढे बँकवाल्या ताई कामावर, औषधविक्या दुकानात आणि समितीच्या कपाटाची किल्ली गावाला गेलेल्या खजिनदारांकडे. तेवढ्यात नृत्यशिक्षिका खालून आली. कुणाला काही न विचारता श्वास रोखून आत गेली, काकांचं नुसतं लोटलेलं दार ढकललं आणि त्यांना पाणी पाजून त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. त्या चाचणीचा आजवर झालेला हा एकमेव उपयोग.

शेवटी अग्निशामक दलाने शिडी लावून, खिडकीचे गज कापून काकांना बाहेर काढलं. सगळा रस्ता माना वर करून बघत होता. आडवं जायला आमच्या इमारतीत त्यांना तेवढं आकाश पुरलं.

काका वाचले. इस्पितळात आहेत. मी बाळाला घेऊन भेटायला गेले. त्यांनी बाळाला जवळ घेतलं, नाकाला बोट लावलं आणि म्हणाले, "पाऊण झालं की गं." बस, एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

समितीची तातडीची सभा झाली. इतिवृत्तात नोंद आहे: 'सदर रहिवासी पॅसेजचा वापर न करता सुखरूप बाहेर पडले. यावरून त्यांना पॅसेजची आवश्यकता नसल्याचे दिसून येते.' मी आमची भिंत मोकळी केली. आता तिथे फक्त सहा भोकं आहेत. त्याबद्दल मला नोटीस आली आहे की, रेघेच्या आत वस्तू नसल्याने मजल्याची एकसमानता भंग पावली. माझ्या रिकाम्या जागेसाठी दोन अर्जही आले आहेत. तेरावा अर्ज कुणाचा ते सांगत नाही, फार सज्जन माणसं आहेत. त्यांना फक्त एक दशांश हवंय.

काका पुढच्या महिन्यात वॉकर घेऊन घरी यायचेत. वॉकर पंचवीस इंच आहे, मी मोजून आलेय. रोज संध्याकाळी बाळाला कडेवर घेऊन मी एकेका दाराशी जाते आणि 'अरुंद' हा शब्द मोठ्याने उच्चारते. लोक बाळाच्या गालाला हात लावतात आणि दार लावून घेतात.

हे वाचून तुम्ही आमच्या सेक्रेटरींना हसला असाल, तर हसा. मीही त्या सभेत टाळ्या वाजवल्या होत्या. फक्त एक करा. तुमच्या मजल्याच्या टोकाला, गल्लीच्या आत, मागच्या खोलीत कुणीतरी राहतं. त्या माणसाने हल्ली तक्रार करणं सोडलंय, आणि त्याबद्दल तुम्हाला जरा बरंच वाटतंय. त्याला शेवटचं कधी पाहिलंत? उठा आणि आत्ता जाऊन बघून या. बेल वाजवा, मोठ्याने हाक मारा, कुणाचं बाळ उठलं तर उठू दे. आणि जाताना वाटेत कशाला तरी खांदा घासला, तर ती वस्तू कुणाची आहे ते मला सांगू नका. तुम्हाला ठाऊक आहे.